गिअरबॉक्स शाबूत, गुन्हेगार क्लच प्लेट

साताऱ्यातल्याच एका टॅक्सीवाल्याची गाडी. 2.2 लिटर डिझेल, सात सीटर, सेकंडहँड घेतलेली. तक्रारी दोन. उभ्या गाडीत न्यूट्रलला खालून डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड, आणि भरल्या गाडीनं यवतेश्वरचा घाट चढताना क्लच घसरून जळका वास.

"मिस्त्री, गिअरबॉक्स गेला म्हणत्यात. माझ्याकडं पंधरा हजाराच्या वर काय न्हाई बघा."

क्लच दाबला की आवाज बंद, सोडला की सुरू. एवढ्यावरूनच इनपुट शाफ्टचं (इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलं म्हणून सांगून टाकायची पद्धत आहे. पण बेअरिंग गेलं तर घरघर येते आणि रेस दिली की ती चढत जाते. इथं 800 आरपीएमला (मिनिटाला 800 फेरे) खडखड जोरात आणि 1200 च्या पुढं गायब. गिअर ऑइल काढून पाहिलं, ड्रेन बोल्टच्या चुंबकावर नुसता करडा लेप, लोखंडाचा कीस नाही. गिअरबॉक्सवरचा संशय तिथंच फिटला.

गिअरबॉक्स उतरवला. मूळचं ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाच्या मागं बसणारी जड चकती, ही दोन भागांची) काढून आधीच कुणीतरी साधं, एकसंध फ्लायव्हील बसवलेलं. त्यात गैर काही नाही. ड्युअल मास एकट्याचीच किंमत क्लच सेटच्या वर जाते, त्यामुळं बजेट कमी असलं की मीही हेच करतो. चूक पुढं होती. क्लच प्लेट हातात घेतली तर हबभोवती, म्हणजे मधल्या गाभ्याभोवती, एकही स्प्रिंग नाही.

चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे 800 आरपीएमला सेकंदाला 26-27 झटके. ड्युअल मासमध्ये दोन चकत्यांच्या मधल्या स्प्रिंगा ते झटके खातात, म्हणून त्याच्या जोडीची प्लेट बिनस्प्रिंगची चालते. साधं फ्लायव्हील घातलं की स्प्रिंगा प्लेटच्या हबमध्ये यायला हव्यात. इथं प्लेटचे पैसे वाचवले होते. स्प्रिंग कुठंच नाही, सगळे झटके थेट गिअरच्या दातांवर.

घसरण्याचं कारण शोधायला जास्त वेळ गेला. प्लेटला तेल लागलेलं नव्हतं, रिव्हेटच्या वर घासणारा मालही बऱ्यापैकी शिल्लक. मग फ्लायव्हीलवर सरळपट्टी आडवी टाकून डेप्थ गेज लावला. हे फ्लायव्हील पायरीचं असतं. प्लेट घासते तो भाग खोलात आणि प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट बोल्टनं बसते ती कडा वर. शेजारच्या दुकानातनं त्याच पार्ट नंबरचं नवं कोरं फ्लायव्हील मापापुरतं मागून आणलं. आमच्या फ्लायव्हीलची पायरी त्याहून 0.7 मिमी खोल! आधी फेसिंग करताना, म्हणजे पृष्ठभाग सपाट करताना, लेथवाल्यानं फक्त घासणारा भाग मारला, कडा तशीच सोडली. प्लेट तेवढी आत गेली, प्रेशर प्लेटची पकड कमी पडली. त्यावर कितीही नवी प्लेट घाला, घाटात घसरणारच.

एमआयडीसीतल्या सरफेस ग्राइंडरवर नेलं. तापून पडलेले निळे डाग जाण्यापुरता आतला भाग 0.2 मिमी मारला आणि कडा 0.9, म्हणजे पायरी परत नव्याच्या मापाला आली. प्रेशर प्लेट नेमक्या जागी बसवणाऱ्या डॉवेल पिना आधी काढायच्या आणि बोल्ट तळाला टेकत नाहीत ना ते हातानं फिरवून बघायचं, हे तिथं उभं राहून करून घेतलं. टॅक्सीवाला 'हेवी ड्युटी' प्रेशर प्लेट घाला म्हणत होता. इंजिनाची ताकद वाढवलेली नसताना तिचा उपयोग नाही. पेडल जड होतं आणि क्रँकला पुढं-मागं सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जादा भार येतो. त्यापेक्षा तेच पैसे स्प्रिंगवाली प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि फ्लायव्हीलचे नवे बोल्ट यांत घालायला लावले. हे बोल्ट ताणले जाणारे असतात, पुन्हा वापरू नयेत.

बसवताना डायल गेज लावला, फ्लायव्हीलचा डगमग 0.05 मिमी. प्लेटची स्प्रिंगा फुगलेली बाजू गिअरबॉक्सकडं. नायलॉनच्या डमी शाफ्टवर प्लेट मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा. शाफ्टच्या खाचांना (स्प्लाइनला) ग्रीस बोटाला लागेल इतकंच. जास्त झालं की फेकलं जाऊन प्लेटवर बसतं.

संध्याकाळी माणसं भरून यवतेश्वर चढलो. नव्या प्लेटला पहिले 500 किमी भार द्यायचा नसतो, पण खात्रीपुरती एक चढण घेतली. चौथ्या गिअरला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, आरपीएमचा काटा गाडीच्या वेगाबरोबरच चढला, म्हणजे क्लच घसरत नव्हता. वर पोचून न्यूट्रलला कान लावला. बारीक कुरकुर उरली होती. साध्या फ्लायव्हीलला ती राहणारच, हे त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"एवढं चालतंय," म्हणाला, आणि एसी लावून काच वर केली.