अडीचशेला डझनभर कमी

मोखाड्यात गावठाण खाली आणि पाडे वर, हे ठरलेलंच. गावठाणाला डांबरी रस्ता असला की जनगणनेच्या गाव-निर्देशिकेत अख्ख्या गावापुढे पक्का रस्ता ‘आहे’ असं लागतं. वरचे पाडे त्या एका शब्दात झाकले जातात. पंतप्रधान ग्रामसडक योजना निदान वस्ती धरते, महसुली गाव नाही. रस्ता मिळायला वस्तीत साधारण भागात किमान ५०० लोकसंख्या हवी, आमच्यासारख्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात २५०. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात देशभरातल्या २५,००० वस्त्या घ्यायच्या आहेत, पण माणसं मोजायची ती २०११ च्या जनगणनेचीच.

मला रस्त्यासाठी पाहायचा होता त्या पाड्याची संख्या योजनेच्या यादीत अडीचशेला डझनभर कमी. म्हणजे विषय संपला. तरी मी पाहणीला गेलो.

जानेवारी होता. निम्म्या घरांची दारं तारेनं बांधलेली. एका ओट्यावर म्हातारी नातवंडांना घेऊन बसलेली, बाकी सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर. मी यादी वाचली तसे शेजारचे बाबा म्हणाले, “साहेब, मतदान इथं, रेशन इथं. मग आम्हाला मोजलं कुठं?”

उत्तर मला माहीत होतं, तेच डोक्यातून जात नाही. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या सगळ्या काळात जो घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथे होता तिथे. त्या वर्षी होळी १९ मार्चला. आमच्याकडे माणूस भट्टीवरून होळीला येतो, त्याआधी मुकादम सोडत नाही. पाड्यातली पोरं तेव्हा भट्टीवरच्या झोपड्यांत मोजली गेली असतील, नाहीतर कुठेच नाही. भिवंडीचा आकडा त्यांनी वाढवला म्हणावं, तर तिथल्या रस्त्याला त्यांची गरज नव्हती.

मग एकच वाट उरली: जोडवस्ती. आमच्या भागात पाचशे मीटरच्या त्रिज्येतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. नाल्यापलीकडे एक छोटी वस्ती आहे. आधीच्या पाहणीत तिचं अंतर पाचशेच्या वर भरलं होतं, कारण पाड्याचा बिंदू शाळेवर घेतला होता. शाळा हमखास कडेला असते. बांधकामाच्या वेळी ट्रॅक्टर जिथवर चढला तिथेच वाळू-विटा उतरल्या, आणि तिथेच शाळा उभी राहिली. पाडा तिथे नसतोच. पण कार्यालयात बसून नकाशावर टाचण्या टोचणाऱ्यांना शाळेचं छप्पर तेवढं ठळक दिसतं.

मी घरांचे तिन्ही पुंजके फिरलो, प्रत्येक टोकाच्या घराचे अक्षांश-रेखांश घेतले आणि त्यांचा मध्य काढला. तो पडला हातपंपाजवळ. तिथून नाल्यापलीकडची वस्ती ४७० मीटर. खात्री म्हणून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा घेतलं, पाच-सहा मीटरचा फरक. चालेल. फोटो तिथेच काढले, पण ते चढवायला रेंजसाठी गावठाणापर्यंत उतरावं लागलं. बाबा काठी टेकत नाल्यापर्यंत आले होते. पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीतून नेताना पाय कुठे ठेवायचा, ते दगड त्यांनी एकेक करून दाखवले.

अहवालात मी स्थलांतराचा एक परिच्छेद घातला होता. वरिष्ठांनी तो काढला. “अंतर बसतंय ना? मग भट्टीचं पुराण कशाला?” त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. त्या परिच्छेदावर कुणी शेरा मारला असता तर फाइल वर्षभर फिरली असती. प्रस्ताव गेला, दोन्ही वस्त्या मिळून अडीचशेच्या बऱ्याच वर.

पण पाडा पात्र ठरला तो शेजारच्या वस्तीच्या जोरावर. बाबांची दोन्ही मुलं, सुना, त्यांची पोरं अजून कुठल्याच रकान्यात नाहीत. पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये. पंचांग बघितलं, त्या वर्षीही होळी मार्चच्या उत्तरार्धातच आहे.