आरएक्स १००: एअरबॉक्स बसला, पण बूटाने रडवलं

माझ्या जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलच्या दुरुस्तीबद्दल मागच्या वेळी लिहिलं तेव्हा इंजिन फ्रेममध्ये चढलं होतं आणि एअरबॉक्स, म्हणजे इंजिनला जाणारी हवा गाळणारा डबा, रंगवून वाळत ठेवला होता. आता एअरबॉक्स जागेवर आहे, कुठूनही चोरहवा घेत नाही, आणि गाडी पाव ते अर्ध्या थ्रॉटलमध्ये न अडखळता ओढते. फार आनंद झालाय. गोष्ट दिसायला एवढीशी, पण तिच्यापायी अख्खा उन्हाळा गेला.

बाकीचं पटकन उरकतो. बॉक्सच्या दोन अर्ध्यांमधलं जुनं पॅकिंग भुकटी झालं होतं, तिथे नायट्राईल-कॉर्कची शीट कापून घातली (नायट्राईल म्हणजे पेट्रोलला टिकणारं रबर). सिलिकॉनचा पेस्ट-गॅस्केट वापरा असं पुष्कळ जण सांगतात. पेट्रोलची वाफ जिथे पोहोचते तिथे मी तो लावत नाही. फुगतो, सुटतो, आणि सुटलेला तुकडा सरळ कार्बमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये जातो. हवा गाळणारा फोम नवा, तेलही फोम फिल्टरचंच चिकट. टू-स्ट्रोक इंजिनचं टू-टी तेल पातळ असतं, गाडी चार दिवस उभी राहिली की सगळं खाली उतरतं आणि वरचा अर्धा फोम कोरडा पडतो. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या नाशकात रस्तोरस्ती जी धूळ आहे, तिच्यात कोरडा फोम म्हणजे पिस्टन-रिंगांना थेट आमंत्रण.

आता बूट.

मूळ बूट, म्हणजे बॉक्सपासून कार्बपर्यंतचं जॉइंट रबर, लाकडासारखं कडक होऊन चिरलं होतं. नाशकातल्याच द्वारका चौकाकडच्या एका दुकानातून नवा आणला. काळाभोर, मऊ, पहिल्या दिवशी अगदी फिट्ट. गाडी सुंदर चालली. थोड्याच दिवसांत गंगापूर रोडला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दम कोंडल्यासारखी करायला लागली. आयडल ठीक, फुल थ्रॉटल ठीक, मधलाच पट्टा खराब. आणि वेड लावणारी गोष्ट अशी की प्लग एकदा पांढरट निघायचा आणि पुढच्या वेळी काळा. पांढरट म्हणजे लीन, पेट्रोल कमी; काळा म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. लीन असेल तर लीन असावी, रिच असेल तर रिच! कार्बमधल्या मिश्रण ठरवणाऱ्या नीडलची क्लिप वर करा, खाली करा, आजचा निकाल उद्या टिकत नव्हता.

मेस्त्री मंडळींचं एकमत होतं, क्रँक सील गेले, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकांशी हवा अडवणारी रबरी कडी. सील बदलायचे तर इंजिन पूर्ण उघडायचं, म्हणून आधी प्रेशर टेस्ट केली. एक्झॉस्ट आणि इनटेक बुजवले, सहा पीएसआय हवा भरली आणि सहा मिनिटं थांबलो. काटा जागचा हलला नाही. कार्ब आणि इंजिन जोडणारा मॅनिफोल्डही त्या टेस्टमध्येच धरला होता. म्हणजे दोष कार्बच्या मागे, हवेच्या बाजूला.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. कार्ब आणि इंजिन यांच्यामध्ये गळती असेल तर शिरलेल्या हवेला पेट्रोल मिळतच नाही, गाडी एकदम लीन होते, पिस्टन जॅम व्हायची भीती असते. कार्बच्या मागे गळती असेल तर हवा कार्बमधूनच जाते, तरी जेटिंग, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, बदलतं. फ्लोट चेंबरला बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि एअरबॉक्सच्या आत थोडी ओढ असते. हा फरकही जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वर ढकलायला हातभार लावतो. कंपनीने जेटचा नंबर ठरवताना ती ओढ धरलेली असते. बॉक्स गळका झाला की ती कमी होते आणि मिश्रण हलकं पडतं. शिवाय फोमला बगल देऊन धूळ आत जाते ती वेगळीच.

रात्री दिवे बंद करून बॉक्सच्या तोंडातून लहान टॉर्च आत सोडला. बूटाच्या खालच्या कडेला प्रकाशाची बारीक चंद्रकोर दिसली. क्लॅम्प पूर्ण आवळलेला, तरीही. मग क्लॅम्प सैल करून बूट काढला आणि काळ्या प्लगचंही कोडं सुटलं. बूटाची आतली कड फुगून लाटेसारखी दुमडली होती. आपल्या मिकुनी कार्बच्या तोंडात एअर जेटची, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी, भोकं असतात, ती कड बरोबर त्यांच्यावर यायची. भोकं झाकली की रिच, कड सरकली की खालच्या फटीतून हवा आणि लीन. एकाच रबराचे दोन परस्परविरुद्ध दोष, आणि गाडी हादऱ्यांनुसार त्यांच्यात ये-जा करत होती.

रबर फुगलं कशाने? त्या बूटाचा एक तुकडा आणि नायट्राईल शीटचा एक तुकडा काचेच्या बरणीत पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी बूटाचा तुकडा बोटांना गिळगिळीत लागला, सोनाराच्या छोट्या काट्यावर वजन जवळजवळ दीडपट भरलं. नायट्राईलमध्ये किंचितच फरक. माझा अंदाज पक्का आहे, तो बूट ईपीडीएम नावाच्या दुसऱ्या जातीच्या रबराचा. ईपीडीएम ऊन-पावसाला उत्तम, ब्रेक फ्लुइडलाही चालतं, पण पेट्रोल आणि खनिज तेलापुढे टिकत नाही. टू-स्ट्रोकमध्ये रीड (आत गेलेलं मिश्रण मागे येऊ न देणारी पातळ झडप) असली तरी पेट्रोलचा थोडा फवारा मागे उडतोच, त्यात फोमचं तेल झिरपतं. दिसायला दोन्ही रबरं सारखीच काळी. त्यामुळे बाजारातला कुठलाही बूट बसवण्याआधी त्याची चकती कापून ही बरणीची परीक्षा घ्या. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो "ओरिजनल क्वालिटी" एवढंच म्हणतो.

सिलिकॉनचे रंगीत होजही पाहिले. सिलिकॉन उष्णतेला दणकट, पण पेट्रोलमध्ये तेही फुगतं. विटॉन हे रबर सर्वांत चांगलं, किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. म्हणून नायट्राईलच करून घ्यायचं ठरवलं.

अंबडला रबर मोल्डिंगचं एक लहान युनिट आहे. एका नगासाठी कोण दार उघडणार असं वाटलं होतं, पण तिथल्या काकांनी स्वतःच्या तरुणपणी आरएक्स चालवलेली. "साचा तुम्ही आणा, रबर मी देतो," म्हणाले. जुना बूट आकसलेला, त्याची मापं घेण्यात अर्थ नव्हता. कार्बच्या तोंडाचा बाहेरचा व्यास, बॉक्सच्या भोकाचा व्यास आणि दोन्ही जागेवर असताना मधलं अंतर, अशी मापं घेतली. सातपूरच्या लेथवाल्याने ॲल्युमिनियमचा साचा कातला. काकांनी आधीच बजावलं होतं, रबर साच्यातून निघून थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, तेवढा साचा मोठा ठेवा. कडकपणा ६० शोअर घेतला. ७० चा नग क्लॅम्पखाली बसेना, इंजिनचा सगळा हादरा बॉक्सच्या शिवणीवर यायला लागला. ६० चा नग हाताने दाबून बसवला तेव्हा 'पच्' असा आवाज झाला. अंधारात टॉर्चची परीक्षा पुन्हा घेतली, कुठेही प्रकाश नाही.

इगतपुरीहून कसाऱ्याला उतरलो आणि घाट परत चढलो. ट्रकमागे अर्ध्या थ्रॉटलवर रखडावं लागतं, नेमकी तीच जागा आधी सतावत होती. आता इंजिन सलग ओढतं. प्लग फिकट तपकिरी, दर वेळी तसाच.

जेटिंगबद्दल एवढंच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, हवा पाचसहा टक्के विरळ, म्हणून मुंबईत ट्यून केलेली गाडी इथे किंचित रिच होते. उलट ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल लीनकडे नेतं, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावं लागतं. दोन्ही एकमेकांना पुरतं खोडत नाहीत, पारडं लीनकडे झुकतं. मी मेन जेट एक नंबर वर नेला आहे.

आता बदलाकडे. बॉक्सच्या तोंडाची सोंड, म्हणजे हवा आत घेणारी नळी, काढून टाका, गाडी मोकळा श्वास घेते, असं सगळे सांगतात. काढून पाहिली. आवाज भारदस्त झाला, पण कमी आरपीएमला इंजिनचा जोर गेला. सोंड आणि बॉक्सची पोकळी मिळून ठराविक ठेक्याला घुमतात. ६००० आरपीएमला रीड सेकंदाला १०० वेळा उघडते, त्या ठोक्यांशी हे घुमणं जुळलं तर सिलेंडर चांगला भरतो. सोंड काढली की तो ठेका वर सरकतो आणि गावात चालवायच्या आरपीएमला त्याचा उपयोग राहत नाही. बॉक्स काढून कोन फिल्टर लावणाऱ्यांनी तर ती पोकळीच फेकून दिलेली असते. मला ते पटत नाही.

म्हणून मूळ सोंड न कापता वेगवेगळ्या लांबीच्या सोंडा थ्रीडी प्रिंट करायचा बेत होता. पीएलए प्लास्टिक नको, ६० अंशांच्या आसपास ते नरम पडतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली त्याचा भरवसा नाही. नायलॉन हवं. पण हे लिहितानाच सुचलं, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या केल्या तर एकाच प्रिंटमध्ये सगळ्या लांब्या मिळतील. आणि त्याही आधी बॉक्समधली ओढ मोजायला हवी. पारदर्शक नळीचा यू, त्यात रंगीत पाणी, एक टोक बॉक्सला आणि एक उघडं. पाणी किती मिलिमीटर चढतं त्यावरून सोंड खरंच अडवते का ते कळेल. ओढ नगण्य निघाली तर व्यासाला हात लावायचा नाही, फक्त लांबीशी खेळायचं. प्रिंटची ऑर्डर त्यामुळे थांबवली आहे.

ज्यांच्याकडे १९८५-८६ च्या जपानी किटची, म्हणजे जपानहून आलेल्या भागांतून जोडलेली गाडी मूळ सोंडेसकट आहे, त्यांनी सोंडेची लांबी आणि आतला व्यास मोजून कळवा. माझी सोंड मागच्या मालकाने कापली असावी अशी शंका आहे, तिची कड कारखान्याची वाटत नाही. अंबडच्या काकांकडे साचा तसाच ठेवला आहे, कुणाला नायट्राईलचा बूट हवा असेल तर सांगा, चारपाच नग एकदम काढले तर ते स्वस्तात देतील.