आमची वाटचाल : काखेतल्या शिवणीपासून

आमच्या व्यवसायाची सुरुवात एका तक्रारीतून झाली. स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेत एक स्तन काढावा लागलेल्या माझ्या मोठ्या बहिणीला किरणोपचार चालू असताना एकही तयार अंतर्वस्त्र सोसेना. काखेतली जाड शिवण नेमकी भाजल्यासारख्या झालेल्या त्वचेवर घासे. शिवणकाम मला येत होते, म्हणून शिवण बाहेरच्या अंगाला घेऊन, पुढून उघडणारे आणि आत कृत्रिम स्तनासाठी मऊ खिसा असलेले अंतर्वस्त्र मी तिच्यासाठी शिवले. पहिले तीन नमुने फसले. सिलिकॉनच्या कृत्रिम स्तनाला वजन लागतेच, कारण एका बाजूचा भार गेला की खांदा आणि पाठ यांचा तोल बिघडू शकतो. पण तेच वजन अरुंद पट्टीवर पेलले की पट्टी रुतते, हे मला तिच्या खांद्यावरचे वळ पाहून कळले.

आज आम्ही सात जणी आहोत आणि त्यांपैकी तिघी याच आजारातून गेलेल्या आहेत. काखेतल्या लसीकाग्रंथी (शरीरातला लसीका हा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्यानंतर हाताला सूज येण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो, शिवाय काहींना संप्रेरक-उपचाराच्या (हार्मोनच्या) गोळ्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात व त्यांनी सांधे दुखू शकतात. त्यामुळे शिवणयंत्रावर सलग कोणीही बसायचे नाही, कापणी आणि तपासणी आलटूनपालटून करायची, असा नियम आम्ही केला. उत्पादन थोडे घटले. ते घटणारच होते.

रुग्णांच्या मदतनिधीच्या बाबतीत मात्र मी सुरुवातीलाच चुकले. स्तनकर्करोगाविषयीच्या जागृतीची खूण म्हणून 1992 पासून जगभर पसरलेली गुलाबी फीत आम्हीही ऑक्टोबरमध्ये, म्हणजे या जागृतीच्या महिन्यात, वेष्टनावर छापली आणि ‘नफ्यातील काही भाग रुग्णांसाठी’ असे लिहिले. एका ग्राहक बाईंनी विचारले, “काही म्हणजे किती, आणि कोणाला?” हिशेब मांडला, तेव्हा छपाई वजा जाता नफाच उरला नव्हता. त्या वर्षीची देणगी मी लाजेपोटी पदरची भरली. तेव्हापासून प्रत्येक नगामागे ठरलेली रक्कम विक्रीच्या दिवशीच वेगळ्या खात्यात जाते, नफा होवो वा न होवो, आणि वर्षाअखेरीस पावत्यांसह हिशेब जाहीर होतो.

जागृतीची पत्रके छापणारे पुष्कळ आहेत (ती आवश्यकही आहेत), म्हणून आमचा निधी आम्ही उपचारांनंतरच्या गरजांकडे वळवला. त्यात सर्वाधिक मागणी हाताची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या घट्ट बाहीला असते. ती वापराने सैल पडते आणि काही महिन्यांनी बदलावी लागते, त्यामुळे एकदा मदत करून आम्हाला थांबता येत नाही.

मागील वर्षी एका पुरुषाचा अर्ज आला. हा आजार पुरुषांनाही होतो, क्वचित का होईना, हे मला ठाऊक असूनही आमच्या अर्जाच्या माथ्यावर ‘भगिनींसाठी’ असे छापलेले होते. त्यांनी तो शब्द पेनाने खोडून अर्ज भरला होता. नव्या छपाईतून तो आम्ही काढला.