फॉल्स सीलिंगच्या वर: आमची वाटचाल

पुण्यात आम्ही फॉल्स सीलिंग आणि त्यातल्या लाइटची कामं करतो. सुरुवातीला फक्त वायरिंग घ्यायचो. पीओपीवाले छत बंद करून गेले की भोकं पाडून लाइट बसवायचे, बिल द्यायचं. दुकानांत तेव्हा ५० वॅटच्या हॅलोजनची चलती होती.

एका कापडाच्या दुकानात एकच हॅलोजन सारखा उडायचा. खाली ओढला तर कटआउटभोवती, म्हणजे लाइटसाठी पाडलेल्या भोकाभोवती, जिप्सम बोर्डचा कागद तपकिरी पडलेला, आणि होल्डरजवळची वायर पापडासारखी मोडली. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. हॅलोजनची काच त्याहून कितीतरी जास्त तापते. वर ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन) लाइटच्या पाठीला टेकलेलं, म्हणजे उष्णतेला वाटच नाही. मालक म्हणाले, "एमसीबी आहे ना, पडेल की." एमसीबी म्हणजे करंट जास्त वाढला की आपोआप बंद होणारा स्विच. पण सैल जॉइंट तापतो तेव्हा करंट वाढत नाही, त्यामुळे एमसीबी पडतही नाही, हे त्यांना शिडीवरूनच समजावलं.

तेव्हापासून छत आणि वायरिंग दोन्ही आमच्याच हाती असेल तरच काम घेतो. सीलिंगच्या वर उघडा, टेप गुंडाळलेला जॉइंट चालत नाही, जॉइंट बॉक्समध्येच. ड्रायव्हर, म्हणजे एलईडी लाइटला हवी तशी वीज देणारा छोटा डबा, कटआउटमधून खाली ओढता आला पाहिजे. इन्सुलेशन लाइटपासून लांब. जिप्सम बोर्ड लावून छत बंद करण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून गिऱ्हाइकाला देतो. यामुळे आमचा रेट चढा वाटतो आणि काही कामं हातची जातात. जाऊ देत.

एलईडी आल्यावर "आता काय, थंडच असतो" असं ऐकू येऊ लागलं. समोरून थंड लागतो हे खरं, पण त्याची उष्णता मागे हीट सिंककडे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते आणि ड्रायव्हरही तापतो. स्वस्तातला ड्रायव्हर ग्लासवूलखाली दाबला की धोका तोच.

२००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. सीलिंगवरचे जॉइंट मात्र मालकाने स्वतः उघडून बघायला सांगितल्याशिवाय कुणी बघत नाही, म्हणून आम्ही आमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे दिवाळीआधी चक्कर मारतो.

सध्या जास्त कामं हॅलोजन काढून एलईडी बसवण्याची येतात. बऱ्याच ठिकाणी हॅलोजनचे जुने ट्रान्सफॉर्मर वरच टाकून दिलेले सापडतात, काहींना तर वीजपुरवठाही चालूच असतो. ते उतरवून, वायर बंद करून मगच नवा लाइट लावतो. त्या मजुरीचे वेगळे पैसे घेत नाही.