कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका खोलीपासून आमची वाटचाल

सुरुवात दोन सेकंडहँड पीसी आणि एक आठ पोर्टचा स्विच एवढ्यावर, मी आणि पार्टनर. गेम ठरला मेंढीकोट, चौघांचा, प्रत्येकी तेरा पत्त्यांचा, कारण आमच्याकडं लग्नघरात दुसरं काही खेळतच नाहीत. सर्व्हर सी भाषेत, एका वेळी बऱ्याच जोडण्यांवर नजर ठेवणाऱ्या सिलेक्ट वर, चार सॉकेट म्हणजे चार खेळाडूंच्या जोडण्या, म्हणजे एक टेबल. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्या काकांनी रात्री दहानंतर सहा मशीन मोकळी दिली, एक रुपया घेतला नाही, वर चहा. लॅनवर, म्हणजे कॅफेतल्या आतल्या नेटवर्कवर, गेम लोण्यासारखा चालायचा.

मग गणपतीतली स्पर्धा आली, मोठा क्लायंट, लोक घरून डोंगलवर, म्हणजे मोबाइल इंटरनेटवर खेळणार. पहिल्याच संध्याकाळी टेबलं अडकायला लागली, कुणी इस्पिकची दश्शी टाकली की पत्ता दिसायचा पण पुढच्याला टर्नच जायची नाही, चौघंही नुसते बघत बसलेले. आमचा डेमो ज्यांनी आधी मन लावून बघितला होता त्या दुसऱ्या कंपनीनं दुसऱ्या दिवशी क्लायंटला सांगितलं, यांना सर्व्हर जमत नाही. काम तिकडं गेलं, आठवड्यात पार्टनरही तिकडंच गेला आणि जाताना सोर्स कोडची कॉपी घेऊन गेला. आमचं लेखी काही नव्हतं. भाऊ असला तरी स्टॅम्प पेपर करा, मी आता सगळ्यांना हेच सांगतो.

मी नेटवर्कवरनं काय जातंय ते दाखवणारं वायरशार्क लावून चार रात्री काकांच्या कॅफेत बसलो. 'पत्ता टाकला' आणि 'पुढची टर्न' असे दोन मेसेज आम्ही सेंड करत होतो, पण पलीकडं एकाच रिसीव्हमध्ये दोन्ही चिकटून येत होते, आमचा कोड पहिला वाचायचा आणि उरलेला फेकून द्यायचा. कधी तर अर्धाच मेसेज यायचा. हे मेसेज ज्या पद्धतीनं जातात ते टीसीपी म्हणजे नळाचं पाणी, तुम्ही किती तांब्यांनी ओतलं ते त्याला ठाऊक नसतं. मग प्रत्येक मेसेजच्या पुढं चार बाइट्स लांबीचे, नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये (मोठा बाइट आधी), प्रत्येक खेळाडूच्या जोडणीला वेगळा बफर, म्हणजे आलेलं साठवायची जागा, आणि मेसेज पूर्ण आल्याशिवाय हात लावायचा नाही. छोटे मेसेज रेंगाळत होते म्हणून साठवून न ठेवता लगेच पाठवायला लावणारं टीसीपी नोडिले ऑन केलं. रेंज गेलेला खेळाडू सर्व्हरला कळतच नाही, जोडणी जिवंत आहे का बघणारा लिनक्सचा कीप-अलाइव्ह चालू केला तरी डिफॉल्ट 7200 सेकंद थांबतो, म्हणून दर 15 सेकंदांनी आमचा स्वतःचा पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, तीन चुकले की बाहेर, पण पत्ते राखून ठेवायचे. नवीन पोरांनो, लॅनवर चाललं म्हणून कधी डिलिव्हरी देऊ नका, आधी रेंज नसलेल्या ठिकाणी फोन घेऊन जा.

नंतर कामं येत गेली, आता सहा जण आहोत. कॅफे बंद झाला, पण गेमचा प्रत्येक नवा बिल्ड आधी काकांच्या फोनवर जातो. परवा रात्री त्यांचा फोन, "माझ्या हातात बाराच पत्ते आल्यात, बग की रं जरा." रेंज जाऊन परत जोडणी (रिकनेक्ट) झाल्यावरच होतंय, लॉग उघडून बसलोय.