तुम्ही विचारलंत म्हणून: जुना ड्युअल कोर ओव्हरक्लॉक करू का?

गल्लीतली कॉलेजची पोरं विचारतात, पाहुणे विचारतात, नवी पेठेत दुकानात उभा असलो तर अनोळखी माणूस पण विचारतो, "दादा, घरी जुना ड्युअल कोर पडलाय, ओव्हरक्लॉक केला तर पळंल का, आणि मला काहीच येत नाही तर सुरुवात कुठनं करू सांगा की." ड्युअल कोर म्हणजे दोन कोअरवाला प्रोसेसर, आणि ओव्हरक्लॉक म्हणजे त्याला कंपनीनं ठरवलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवणं. पळेल. फक्त सोलापुरात हे काम मे महिन्यात करायचं, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत म्हणजे जानेवारीच्या थंडीत नाही.

आधी प्रोसेसर कुठलाय ते सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) बघा. कोअर २ ड्युओ किंवा पेंटियम ड्युअल कोर असेल तर मजा आहे. २०११ पासूनचा साधा आय३ असेल (आय३-२१०० वगैरे) तर सोडून द्या, त्यात बेस क्लॉकला (मूळ ठोक्याला, ज्याला मल्टिप्लायर नावाच्या आकड्यानं गुणून प्रोसेसरचा स्पीड येतो) बाकी सगळं बांधलेलं असतं, चार-पाच मेगाहर्ट्झ ढकलले की संपलं. अपवाद आहेत, २०१४ चा पेंटियम जी३२५८ किंवा २०१७ चा आय३-७३५०के, त्यांचा मल्टिप्लायर उघडा आहे म्हणजे वाढवता येतो, पण मदरबोर्ड पण तसा लागतो. आणि कंपनीचा तयार पीसी असेल तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारा बोर्डाचा सेटिंगचा मेनू) बहुतेक वेळा हे पर्यायच नसतात, उगाच शोधत बसू नका.

समजा पेंटियम ड्युअल कोर ई५२०० आहे. मूळ हिशोब १२.५ गुणिले २०० म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर वर जात नाही, म्हणून बायोसमध्ये एफएसबी (फ्रंट साइड बस, इथला मूळ ठोका, तो २०० मेगाहर्ट्झ) वाढवायची. २०० ची २६६ केली की ३.३ च्या पुढं जातो, पण एकदम २६६ टाकू नका, दहा-दहानं वर जा आणि दरवेळी विंडोज चालू होतंय का बघा. पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्ड वगैरेंची लाइन) १०० वर लॉक करा, आणि रॅमचा रेशो (एफएसबीच्या किती पट रॅम पळेल तो आकडा) खाली घ्या, कारण एफएसबीबरोबर रॅम पण पळायला लागते आणि मग पीसी अडकला की दोष प्रोसेसरला देत बसता. हे सगळं करायच्या आधी फोटो-बिटो दुसरीकडं कॉपी करून ठेवा, कारण अनस्टेबल पीसी गुपचूप फाइली खराब करतो.

आता मे महिन्याचं. प्रोसेसरवरचा कूलर (पंखा आणि धातूचा हीटसिंक) त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, खोलीच्या वर किती अंश जाईल एवढंच त्याच्या हातात. म्हणजे फुल लोडवर तुमचा प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंश वर जात असेल तर जानेवारीत २४ च्या खोलीत ६४ दिसतं आणि तुम्ही खूश, आणि मे मध्ये पत्र्याखालच्या ३९ च्या खोलीत तेच सेटिंग ७९ वर जातं आणि गेमच्या मधेच पीसी रिस्टार्ट. म्हणून दुपारी दोन वाजता, खोलीतला कूलर बंद ठेवून, प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारं सॉफ्टवेअर) ची स्मॉल एफएफटी ही टेस्ट दोन-तीन तास चालवा, बाजूला तापमान दाखवणारं कोअर टेम्प उघडं ठेवा. सत्तरीच्या वर गेलं किंवा प्राइम९५ मधला एखादा वर्कर (चाललेलं एक काम) एरर देऊन थांबला तर एफएसबी एक पायरी खाली. माझा नियम सत्तरचा आहे, कुणी ऐंशीपर्यंत पण चालवतात, त्यांचं त्यांना.

आणि व्होल्टेजला सुरुवातीला हात लावू नका. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, १.२५ चं १.३५ केलं तर दिसायला ०.१ वाढलं पण तेवढ्याच स्पीडला उष्णता जवळपास १७ टक्के जास्त. तो स्टॉक कूलर (प्रोसेसरबरोबर आलेला), त्यात आपल्याकडं पॉवरलूमची वस्ती, घरात सूत उडत असतं आणि ते हीटसिंकच्या पात्यांत जाऊन नमदा झालेला असतो. मी बघितलेल्या अर्ध्याअधिक पीसींना ओव्हरक्लॉकपेक्षा ब्रश आणि नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे लावायची) पाहिजे होती. पेस्ट बदलताना कूलरच्या चार पुश पिना चारी बाजूंनी नीट खटकन बसल्यात का बोर्डाच्या मागनं बघा, एक सुटी राहिली तरी तापमान लगेच वर जातं.

स्वस्तातला "४५० वॅट" लिहिलेला एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) असेल तर आधी तो बदला, त्यावरचा आकडा मी तरी खरा धरत नाही. आणि पैसे मोजकेच असतील तर खरं सांगू, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (वेगवान ड्राइव्ह) टाका, रोजच्या वापरात तोच जास्त जाणवेल, ओव्हरक्लॉक हा हौसेचा मामला.

पंखे फिरतायत पण स्क्रीन काळी, असं झालं तर घाबरून मेकॅनिककडं पळू नका. प्लग काढा, बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काढून पाच-दहा मिनिटं थांबा, परत बसवा, बायोस मूळ सेटिंगवर येतो. नंतर तारीख तेवढी नीट करा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत बसतो आणि मग मला फोन येतो.