तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलिंगच्या अध्यक्षाला जाब कोण विचारतं?

टूर द फ्रान्सच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो: "यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा, अध्यक्ष निवडतं तरी कोण? आणि तो चुकला तर त्याला घरी पाठवता येतं का?"

पाठवता येतं. 2013 मध्ये पाठवलं, 2017 मध्येही पाठवलं. पण दोन्ही वेळा समोर दुसरा उमेदवार उभा होता म्हणून ते जमलं. 2021 आणि 2025 च्या निवडणुका बिनविरोध झाल्या. जबाबदारीचा खरा प्रश्न तिथे आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी मतदार कोण ते पाहू. यूसीआय 1900 मध्ये पॅरिसला स्थापन झाली. आज तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये एग्ल इथे आहे. तिचे सभासद म्हणजे देशोदेशींचे राष्ट्रीय महासंघ. टूर जिंकणारा रायडर तादेय पोगाचार तिचा सभासद नाही, त्याचा संघ नाही, आणि टूर भरवणारी एएसओ कंपनीही नाही. अध्यक्षपदासाठी यांच्यापैकी कोणालाच मत नाही. राष्ट्रीय महासंघही थेट मत देत नाहीत. पाच खंडांच्या पाच संघटना आपापले प्रतिनिधी निवडतात आणि ते प्रतिनिधी यूसीआयच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, गुप्त मतदान करतात. 2017 मध्ये बर्गनला असे 45 प्रतिनिधी होते: युरोपचे 15, आफ्रिका, अमेरिका आणि आशियाचे प्रत्येकी 9, ओशनियाचे 3. म्हणजे 23 मतं मिळवली की जगभरच्या सायकलिंगची सूत्रं चार वर्षं हातात.

मतदार इतके थोडे असले की प्रचार मंचावरून होत नाही, खंडीय संघटनांच्या बैठकांत होतो. 2013 मध्ये एकूण मतं 42 होती आणि युरोपची त्यात 14. मतदानाच्या काही दिवस आधी युरोपीय संघटनेने झुरिकला बैठक घेऊन ठरवलं की आपले सगळे प्रतिनिधी सत्तेवरच्या अध्यक्षाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ब्रायन कुकसन यांना मत देतील. बहुमताला 22 लागत होती. त्यातली 14 एका बैठकीत बांधली गेली. मतदान गुप्त असल्यामुळे आदेश पाळला की नाही हे तपासता येत नाही, तरी अशा आदेशाचं वजन असतंच. त्या वेळी युरोपीय संघटनेचे अध्यक्ष होते दाव्हिद लापार्तियाँ. चार वर्षांनी तेच लापार्तियाँ, तोवर अध्यक्ष झालेल्या कुकसन यांच्या विरोधात उभे राहिले आणि 37 विरुद्ध 8 मतांनी जिंकले. खंडाची संघटना हातात असणं म्हणजे काय, ते या आकड्यांवरून कळतं.

मतदानाच्याही आधीचा दरवाजा उमेदवारीचा. उमेदवाराचं नाव त्याच्या स्वतःच्या महासंघाने सुचवावं लागतं. 2013 मध्ये मावळते अध्यक्ष पॅट मॅक्वेड याच दरवाज्यात अडकले, आणि या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग तोच आहे. आदल्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या निर्णयानंतर लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं गेली होती. इतकी वर्षं यूसीआय काय करत होती, असं लोक विचारत होते. तरीही मॅक्वेड तिसऱ्यांदा उभे राहायला निघाले. आयरिश महासंघाच्या मंडळाने त्यांचं नाव सुचवलंही होतं. पण सभासदांनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावायला लावली आणि 15 जूनला तिथे 91 विरुद्ध 74 मतांनी त्यांची उमेदवारी नाकारली गेली. क्लबांतून आलेल्या साध्या प्रतिनिधींनी, आपल्याच देशाच्या माणसाला. जागतिक संघटनेच्या काँग्रेसमध्ये ज्यांना कधीच मत मिळालं नसतं, त्यांनीच तिच्या अध्यक्षाला सर्वांत थेट जाब विचारला.

मग आपण तिथलेही सभासद आहोत असं सांगून मॅक्वेड यांनी स्विस महासंघाकडून नाव सुचवून घेतलं. तिथेही काही सभासद लवादाकडे गेले आणि ऑगस्टमध्ये स्विस महासंघाने पाठिंबा काढून घेतला. उरले थायलंड आणि मोरोक्को, तिथल्या महासंघांनीही त्यांचं नाव सुचवलं होतं. अर्जाची मुदत 29 जूनला संपून गेली होती, तरी मलेशियाच्या महासंघाकडून एक घटनादुरुस्ती पुढे आली: कोणत्याही दोन महासंघांनी नाव सुचवलं तरी चालावं, आणि हे चालू निवडणुकीलाही लागू व्हावं. सामना सुरू झाल्यावर नियम बदलायचा हा प्रकार. घटनेत काय बदलतंय यापेक्षा तो बदल कोणत्या तारखेपासून लागू होतोय हे आधी वाचायचं, ते यासाठी.

27 सप्टेंबरला फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोमध्ये काँग्रेस भरली. पूर्वलक्षी दुरुस्तीला दोन तृतीयांश मतं हवी होती. मतं पडली 21 विरुद्ध 21. दुरुस्ती फेटाळली गेली, पण मॅक्वेड यांची उमेदवारी तरीही वैध आहे का यावर कायदेशीर काथ्याकूट सुरूच राहिला. तासांमागून तास गेले. शेवटी कुकसन स्वतः उठले आणि म्हणाले की हे पुरे झालं, सरळ मतदान घेऊ. ती मोठी जोखीम होती, कारण तांत्रिक मुद्द्यावर प्रतिस्पर्धी बाद झाला असता तर ते लढतीशिवायच निवडून आले असते. निकाल लागला 24 विरुद्ध 18.

त्या लढतीतून काय मिळालं? स्वतंत्र चौकशी करू असं कुकसन यांनी प्रचारात सांगितलं होतं, त्यामुळे जिंकल्यावर ती करावीच लागली. स्वित्झर्लंडचे माजी सरकारी वकील डिक मार्टी यांच्या अध्यक्षतेखाली तिघांचा आयोग नेमला गेला आणि मार्च 2015 मध्ये त्याचा अहवाल जाहीर झाला. ज्यांना फक्त "भ्रष्टाचार झाला होता का" एवढंच हवं असतं, त्यांची त्या अहवालाने निराशा होते. आर्मस्ट्राँगची चाचणी पैसे घेऊन दाबल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही. पण कारभार कसा बिघडतो याची त्यातली नोंद फार मोलाची आहे. 1999 च्या टूरमध्ये आर्मस्ट्राँगच्या चाचणीत कॉर्टिकोस्टेरॉइड सापडल्यावर मागच्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन चालवून घेतलं गेलं. आर्मस्ट्राँगवरच्या आरोपांबद्दलच्या 2006 च्या ज्या अहवालाला स्वतंत्र म्हटलं जात होतं, त्याच्या मसुद्यात यूसीआय आणि आर्मस्ट्राँगच्या वकिलांचा हात होता. त्याच आर्मस्ट्राँगकडून संघटनेने देणगी घेतली होती. निवृत्तीतून परतणाऱ्या रायडरने शर्यतीआधी सहा महिने चाचण्यांसाठी उपलब्ध असावं असा नियम होता. 2009 च्या टूर डाउन अंडर या ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीला आर्मस्ट्राँगचे 13 दिवस कमी पडत होते, तरी मॅक्वेड यांनी परवानगी दिली. त्याच दिवशी आर्मस्ट्राँगने मॅक्वेड यांच्याच देशातल्या टूर ऑफ आयर्लंडमध्ये उतरायचं कबूल केलं. देवाणघेवाण ठरली होती असा पुरावा आयोगाला मिळाला नाही, पण ज्याने नियम राखायचा त्याच माणसाला तो एकट्याने बाजूला ठेवता येत होता, हे कागदावर आलं. सगळी सत्ता अध्यक्षाच्या हातात आणि समित्या नावापुरत्या, हा त्या अहवालाचा गाभा.

2017 चंही तसंच. आदल्या वर्षी बेल्जियममधल्या झोल्डरच्या सायक्लोक्रॉस (चिखल-मातीतल्या सायकल शर्यतीच्या) जागतिक स्पर्धेत एका सायकलीच्या फ्रेममध्ये लपवलेली मोटर सापडली होती. कुकसन यांची यूसीआय मोटर शोधायला सायकलींवरून टॅब्लेट संगणक फिरवत असे. त्या तपासणीवर पत्रकारांनी शंका घेतल्या. लापार्तियाँ यांनी तोच मुद्दा प्रचारात लावून धरला. मार्च 2018 मध्ये, निवडून आल्यावर सहा महिन्यांत, सायकल जशीच्या तशी आत ठेवता येईल असं एक्स-रे यंत्र सादर झालं. विरोधकाने सत्तेवरच्या माणसाची उणीव मतदारांसमोर मांडली की ती भरून काढण्याचं ओझं त्याच्याही डोक्यावर येतं.

बिनविरोध निवडणुकीत हे होत नाही. 2021 मध्ये लूव्हन आणि सप्टेंबर 2025 मध्ये किगाली, दोन्हीकडे लापार्तियाँ एकटेच उमेदवार होते. त्यांच्या काळात चांगलं काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. 2021 पासून डोपिंगविरोधी चाचण्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्थेकडे गेल्या, रस्त्यावरची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा आफ्रिकेत गेली. पण 2023 ते 2025 या काळात तेच फ्रेंच ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य होते, मोर्बिआँ जिल्हा परिषदेचे प्रमुख होते, आणि वर ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदासाठी उभेही राहिले (चार मतं मिळाली). एवढ्या पदांत यूसीआयला किती वेळ मिळाला, हे प्रतिस्पर्धी असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

दुसरा उमेदवार का उभा राहत नाही? कारणं सरळ आहेत. विकासनिधी, प्रशिक्षण, स्पर्धांचं यजमानपद यांचे निर्णय सत्तेवरच्या माणसाच्या टेबलावरून जातात. जे महासंघ त्यावर अवलंबून आहेत त्यांनी विरोधकाचं नाव सुचवणं सोपं नसतं. आणि हरलेल्या उमेदवाराच्या महासंघाला पुढची चार वर्षं त्याच कार्यालयाशी व्यवहार करायचा असतो.

"मग कोर्टात जा" असं कोणी म्हणतं. स्विस नागरी कायद्याचं कलम 75 सभासदाला ठरावाविरुद्ध दाद मागू देतं, पण ठराव कळल्यापासून एका महिन्याच्या आत, आणि फक्त त्याला संमती न दिलेल्या सभासदालाच. तिथे ठराव कायदा किंवा घटना मोडतो का एवढंच पाहिलं जातं. निर्णय शहाणपणाचा होता का, हे नाही. रायडर किंवा संघ सभासद नसल्यामुळे हा रस्ता त्यांचा नाहीच.

सभासद नसलेल्यांना बाहेरचा रस्ता धरावा लागतो, आणि 2025 मध्ये तो धरला गेला. सुरक्षिततेसाठी वेग कमी करायचा म्हणून यूसीआयने चीनमधल्या टूर ऑफ ग्वांग्शीमध्ये कमाल गिअरची चाचणी ठरवली. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल 10.46 मीटरपेक्षा पुढे जाता कामा नये, म्हणजे जास्तीत जास्त 54 दातांची चेनरिंग (पेडलजवळचं चक्र) आणि 11 दातांचा कॉग (मागच्या चाकावरचं चक्र; ते जितकं लहान तितकी एका फेऱ्यात सायकल जास्त पुढे जाते). गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीच्या व्यावसायिक रायडरांच्या गिअरसेटमध्ये सर्वांत लहान कॉग 10 दातांचा असतो. म्हणजे सगळ्यांसाठी लिहिलेला नियम प्रत्यक्षात एकाच पुरवठादाराला अडवत होता. कंपनी बेल्जियमच्या स्पर्धा प्राधिकरणाकडे गेली आणि ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाने ही चाचणी थांबवली. गिअरमुळे अपघात होतात की नाही याचा निवाडा त्याने केला नाही. नियम पारदर्शक आणि वस्तुनिष्ठ पद्धतीने ठरवला गेला का, एवढंच त्याने पाहिलं. हा प्रश्न काँग्रेसमध्येच कोणी विचारला असता तर प्रकरण प्राधिकरणापर्यंत गेलंच नसतं.

पुढची अध्यक्षीय निवडणूक 2029 मध्ये. ज्यांना खरोखर काही करायचं आहे त्यांनी काँग्रेसच्या दिवसाची वाट पाहू नये. आपला राष्ट्रीय महासंघ खंडीय संघटनेच्या बैठकीला कोणाला पाठवतो, तिथे प्रतिनिधी म्हणून कोणाला मत देतो, आणि त्या प्रतिनिधींना एकगठ्ठा मतदानाचा आदेश आहे का, हे लेखी विचारावं. उमेदवारी अर्जाची मुदत काँग्रेसच्या काही महिने आधी संपते. त्याआधी आपल्या महासंघाचं मंडळ कोणाचं नाव सुचवतंय ते विचारावं, आणि विशेष सर्वसाधारण सभा बोलवायला किती सभासदांच्या सह्या लागतात ते महासंघाच्या घटनेत पाहून ठेवावं.